तुहा टेप पळून राह्यला वं!

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या बॅचमधल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'खामगाव ते आयटी क्षेत्र : एक प्रवास' असा विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवते आहे, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते. प्रवास तसा सरळ आहे. इथून शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथून पुणे, आणि पुण्यात बावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर. त्यात दहा मिनिटं ऐकण्यासारखं काही नाही. मी आज एका कॅसेटबद्दल बोलणार आहे. ही बघा, सोबत आणली आहे. मागच्या रांगेत दिसत नसेल तर सांगते : काळं कव्हर, त्यावर एक त्रिकोणी काच, एका बाजूने पांढरा किरण आत जातो आणि दुसऱ्या बाजूने रंग बाहेर पडतात. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्लंडमधल्या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम. तिकडे तो मार्च १९७३ मध्ये निघाला. आमच्या हातात यायला त्याला १९९५ उजाडलं.

किंमत १०० रुपये. आम्ही पाच जणांनी वीस-वीस रुपये काढले होते. तीन मुली, दोन मुलं, सगळे एकाच ट्यूशनचे. नववीतल्या पोराजवळ वीस रुपये म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

आठवून पाहा, तेव्हा आपल्या गावात कोणत्या कॅसेटी मिळायच्या. नवीन सिनेमाच्या, प्रल्हाद शिंद्यांच्या, गजानन महाराजांच्या भजनांच्या. गणपतीत आणि कोजागिरीनंतर मोठ्या देवीच्या दिवसांत त्याच कर्ण्यावर वाजायच्या. इंग्रजी गाण्यांची कॅसेट हवी असेल तर एसटीत बसून पन्नासेक किलोमीटरवरच्या अकोल्याला जावं लागे. आणि कोणती घ्यायची हे तरी आम्हाला कुठे ठाऊक होतं? आमच्यापैकी एकाचा मोठा भाऊ पुण्यात शिकत होता. तो दिवाळीत आला आणि म्हणाला, "रॉक ऐकायचं तर पिंक फ्लॉइडपासून सुरुवात करा. हा अल्बम अमेरिकेच्या यादीत १९७३ ते १९८८ च्या दरम्यान ७४१ आठवडे होता." ७४१ हा आकडा आम्ही पाढ्यासारखा पाठ केला. गाणं एकही ऐकलं नव्हतं, पण आकडा तयार होता.

बाबांना डोळे तपासायला अकोल्याला जायचं होतं, मी सोबत गेले. गांधी रोडवरच्या दुकानदाराने बजावलं, "सील तोडलं की परत घेणार नाही. वाजवून दाखवणार नाही." येताना मी बसमध्ये ती कॅसेट दोन्ही हातांत धरून बसले होते, बाळापूरपासून पुढे तर वास घेत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते कव्हर शाळेत आणलं. विज्ञानाच्या सरांनी मधल्या सुट्टीत पकडलं. आम्हाला वाटलं, आता जप्त. सरांनी चष्मा वर केला, बोटाने रंग मोजले आणि विचारलं, "तानापिहिनिपाजा म्हणा." आम्ही म्हटलं. "किती झाले?" सात. "आता हे मोजा." सहाच निघाले! चित्रात पारवा नाही. सर म्हणाले, "छापलेलं आहे म्हणून खरं मानायचं नाही, मोजायचं," आणि कव्हर परत दिलं. सर, आपल्याला कदाचित आठवत नसेल. मला मात्र ते वाक्य पुढे फार महागात पडलं. कारण त्याच आठवड्यात ते मी विसरले.

टेप रेकॉर्डर आमच्या घरी होता. काकांनी मस्कतहून आणलेला, दोन स्पीकरचा जपानी. दोन वर्षांपूर्वी त्याची मोटर जळली होती, ती गावातच बदलून घेतली होती. आई घरी असायची, दार उघडं असायचं, म्हणून मुलांनाही येऊ दिलं जाई. नियम असा ठरला की कॅसेट दर आठवड्याला एकाकडे राहील आणि रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे जमून ऐकायची. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने मत द्यायचं.

आता खरं सांगते. पहिल्या रविवारी मला त्या अल्बममधलं काहीही कळलं नाही. सुरुवातीला काळजाचे ठोके, मग घड्याळं, मग कुणीतरी हसतंय, मग एक बाई शब्दच न म्हणता गाते आहे. मी मात्र मत दिलं : "काय वातावरणनिर्मिती आहे!" हा शब्द मी वर्तमानपत्रातल्या नाट्यपरीक्षणातून उचलला होता. दुसरा म्हणाला, "गिटार जबरदस्त." तिसरा म्हणाला, "७४१ आठवडे उगाच नाही." सगळी मतं पुण्याहून आलेली किंवा पेपरातून कापलेली. आवडलं नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, वीस रुपये गेले होते ना!

पाचवी जी होती, ती काही बोलली नाही. तिचं नाव मी घेणार नाही, तशी तिची अट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात येईल, पण तुम्हीही घेऊ नका. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे, आणि लग्नसराई नसली की भजनी मंडळात पेटी. ती एवढंच म्हणाली, "मले एक आठवडा घरी ऐकू द्या."

तिचा आठवडा झाला. पुढच्या रविवारी ती आली, आणि आम्ही बी साइड लावली. त्या बाजूचं पहिलंच गाणं 'मनी'. सुरुवातीला गल्ल्याची खणखण, नाण्यांचा आवाज, कागद फाटल्याचा आवाज. ती म्हणाली, "मोजा." आम्ही विचारलं, काय? ती मांडीवर बोटं आपटत होती. "सात आहेत. चार नाहीत, आठ नाहीत. रूपकासारखं सात. मध्ये गिटार सुरू झाली की केरवा होते, अन् मग परत सात. बाबानं सांगितलं." मग सॅक्सोफोन आला तेव्हा म्हणाली, "बाबा म्हणे, या माणसाचा दम पाह्य."

मित्रांनो, त्या खोलीत बसलेल्या पाच जणांपैकी त्या गाण्याबद्दल काही खरं सांगणारी ती एकटी होती. मला ते अजिबात आवडलं नाही. टेप माझा, खोली माझी, अकोल्याला गेले मी, आणि मोजून ही दाखवते!

ती पुढे म्हणाली, "एक सांगू का? हे गाणं आमच्या टेपवर पांढरी सातमध्ये लागते. मी पेटी घेऊन पाह्यलं. तुह्या घरी ते वरच्या पांढरी एकला जाऊन राह्यलं. गाणं तेच, कॅसेट तीच. तुहा टेप पळून राह्यला वं!"

मस्कतचा जपानी टेप. पळतो. आणि हे सांगणार कोण, तर जिच्या घरचा टेप झाकण तुटलेला, रबर लावून बंद होणारा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काही वरातीतलं गाणं नाही. तुझ्या बाबांचा बँड नाही हा."

सगळे हसले. जे हसले त्यांतले दोघे आज समोर बसले आहेत, माझ्याइतकेच खाली बघत आहेत.

ती रागावली नाही, रडली नाही. पाणी प्यायली, आईला "येते काकू" म्हणाली आणि गेली. पुन्हा रविवारी आली नाही. कॅसेटचा फेरा पाचाऐवजी चार घरांत फिरू लागला. तिचे वीस रुपये द्यायचे राहिले. दहावी झाली, सगळे पांगलो, आणि कॅसेट माझ्याकडे उरली.

पुढची आठ वर्षं मी ही गोष्ट विसरून गेले होते. २००३ मध्ये पुण्यात पगारातून पहिली सीडी घेतली ती हीच. घरी आणून लावली आणि मला वाटलं, सीडीत काहीतरी दोष आहे. सगळं जड, संथ, खर्जात गेल्यासारखं. मी परत द्यायला निघाले होते. जिना उतरताना मध्येच थांबले. कानात एकच वाक्य आलं. तुहा टेप पळून राह्यला वं.

त्या दिवाळीत खामगावला आले आणि माळ्यावरून टेप काढला. कॅसेट लावली, घड्याळ घेऊन बसले. सीडीवर साडेसहा मिनिटांच्या आसपास चालणारं 'मनी' आमच्या टेपवर वीसएक सेकंद आधी संपलं. पूर्ण अल्बम साधारण ४३ मिनिटांचा, तो अडीच मिनिटं आधी. आता थोडं गणित सांगते, इंजिनिअर आहे, सवय जात नाही. पेटीवर बारा पट्ट्या चढून गेलं की तोच स्वर वरच्या सप्तकात येतो, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होते. हे दुपटीचं अंतर बारा सारख्या पायऱ्यांत वाटलं की एका पट्टीला साधारण सहा टक्के येतात. म्हणजे टेपची मोटर सहा टक्के जोरात फिरली तर गाणं लवकर संपतं आणि बरोबर एक पट्टी वर चढतं. पांढरी सातचं वरच्या पांढरी एकला जातं. तिने सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. टेप उघडला तर बदललेल्या मोटरच्या मागे एक बारीक भोक होतं, आत वेग जुळवायचा स्क्रू. घड्याळ्याच्या पेचकसाने तो किंचित फिरवला आणि गाणं आपल्या जागी आलं. दोन मिनिटांचं काम. १९९५ मध्ये आम्हा चौघांकडे चार मनगटी घड्याळं होती. एकानेही मोजलं नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईला आले होते. या अल्बमची बहुतेक गाणी त्यांच्या लेखणीतली. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात त्यांनी हा अख्खा अल्बम वाजवला. मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. 'मनी' सुरू झालं तेव्हा आजूबाजूचे लोक नाचायला लागले आणि त्यांचे पाय चुकायला लागले, कारण सातात नाचता येत नाही, सवय नसेल तर. मी मांडीवर बोटं आपटत सात मोजत होते. गिटार आली आणि केरवा झाला, तेव्हा सगळ्या मैदानाचे पाय एकदम बरोबर पडायला लागले. शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुला म्युझिकमधलं इतकं कसं कळतं?" मी म्हणाले, "शाळेत शिकले." कुणाकडून ते सांगितलं नाही. तेव्हाही नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. टेप पळत होता हे कळल्यावरही माझी चूक तिथेच संपलेली नव्हती.

या अल्बमवर ती शब्दांशिवाय गाणारी जी बाई आहे, तिचं नाव क्लेअर टॉरी. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत एका रविवारी तिला बोलावलं, तिने तो आलाप तिथल्या तिथे रचून गायला, आणि तिला ३० पौंड मिळाले. गाण्याचा रचनाकार म्हणून नाव दुसऱ्याचं. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून सहरचनाकार म्हणून तिचं नाव छापलं जातं. बत्तीस वर्षांनी. माझ्या हातातल्या या कॅसेटवर रचनाकार म्हणून ते नाही. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा इंग्लंडमधल्या लोकांना नावं ठेवायला मोकळी झाले. नंतर मनात आलं, आपण काय वेगळं केलं? मैदानात तिचंच ज्ञान आपल्या नावावर खपवलं.

आमच्या कामात एक प्रकार असतो. प्रोग्राम तयार झाला की तो तपासणारी माणसं वेगळी असतात. बहुतेक वेळा ती वयाने लहान, पगाराने कमी. दोन वर्षांपूर्वी परभणीकडची एक नवी मुलगी मीटिंगमध्ये म्हणाली, "मॅडम, ही बेरीज कधीकधी चुकते." तो भाग मी स्वतः लिहिलेला होता. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं होतं, तसलंच, वरातीसारखं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "दाखव." तिने दाखवलं. चुकत होती. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, तुम्ही किती मोठ्या मनाच्या. मोठं मन वगैरे काही नाही. एकदा एक टेप पळताना पकडला गेला होता, एवढंच.

आता या मेळाव्याकडे येते. तीन महिन्यांपूर्वी बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि तिचा नंबर दिसला. फोन करायला मला अकरा दिवस लागले. तिने आवाज ओळखला. मी टेपचं सगळं सांगितलं, सहा टक्के, वीस सेकंद, स्क्रू. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "टेपचं मले काही आठवत नाही वं." मला वाटलं, सुटले. मग म्हणाली, "तू वरातीचं बोलली होती, ते आठवते."

मी माफी मागितली. "जाऊ दे," असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी घरी जाऊन बाबाले नाही सांगितलं काही. पण ते विचारत राह्यले ना. म्हणत, ते सात मात्रावाली कॅसेट परत कधी येते? त्यायले तो सॅक्सोफोन पुन्हा ऐकायचा होता, बसवून पाहायचा होता. मी सांगत राह्यली, पुढच्या आठवड्यात माह्या नंबर आहे."

तिचे वडील २००९ मध्ये गेले.

मित्र-मैत्रिणींनो, मी आजवर समजत होते की मी एका मैत्रिणीचा अपमान केला. तेवढंच नव्हतं. या गावात त्या सॅक्सोफोनवाल्याचा दम ज्याला खरोखर कळला होता, असा बहुधा एकच माणूस होता, आणि त्याच्यापर्यंत कॅसेट पोचू दिली नाही ती आम्ही. शंभर रुपयांच्या त्या कॅसेटचं खरं चीज त्या घरात झालं असतं. फर्लांगभर अंतर होतं. आम्ही मात्र ७४१ आठवडे म्हणत बसलो.

आजच्या मुलांना वर्गणी काढावी लागत नाही. माझ्या मुलीच्या फोनमध्ये हा अल्बम आहे, फुकट आहे, आणि तो नेहमी बरोबर पट्टीत वाजतो. ती तो एकटी ऐकते, कानात घालून. चांगला का वाईट, यावर ती कुणाशी भांडत नाही. मी तिला नावं ठेवत नाही. पण तिला एवढं सांगते की ऐकलंस तर कुणाला तरी ऐकव, आणि तो काय म्हणतो ते ऐक. विशेषतः तो असं काही म्हणाला की जे तुला ऐकवणार नाही, तेव्हा.

ती आज आलेली नाही. का नाही, असं मी विचारलं. रागाने नाही म्हणाली. तुळशीचं लग्न होऊन गेलंय, भावाच्या बँडची आज तीन लग्नं आहेत आणि बुकिंगचा हिशेब तीच बघते. उद्या सकाळी मी तिच्याकडे चहाला जाते आहे. वीस रुपयांचा विषय मी काढला तेव्हा ती म्हणाली, "पैसे नको. माह्या आठवडा राह्यला आहे, तो दे."

म्हणून ही कॅसेट आज इथे सगळ्यांना दाखवली. उद्यापासून ती तिच्याकडे राहील. आठवडाभर म्हणते आहे, पण परत मागणार नाही. सोबत टेपही नेते आहे, कारण फोन ठेवता ठेवता तिने बजावलं आहे.

"टेप आणजो. पण पळणारा नको आणू."